दोन नंबरचा रिमोट

२५ ऑक्टो., शनि.
साडू बीडहून आला, बगलेत खोकं. "टीव्हीला जोडायचा गेम हाय साडूभाऊ, समद्यांनी मिळून खेळायचा." खोक्यावर चार माणसं हात वर करून दात काढतायत. सील फाटलेलं. हा माणूस चांगली वस्तू हातची सोडणाऱ्यातला नाही. विचारलं, "तुमच्या घरी कावून न्हाई ठिवला?" नुसता हसला.
सौ.ने चहा केला. त्याला काठोकाठ, मला अर्धा कप. महिना झाला हेच. म्हणे दूध कमी आहे. त्याच्यापुरतं बरं असतं.

२६, रवि.
गेम जोडला. दोन रिमोट. हातात धरून हलवले की टीव्हीतला माणूस हलतो म्हणे. हलला तर हलला. दिवाण ओसरीत काढावा लागला. खोक्यावर तीस खेळ लिहिलेत, निम्मे एकच. होडी वल्हवा, परत वल्हवा, रंग बदलून परत वल्हवा. अश्विनी म्हणाली, "बोगस हाय पप्पा." लेकीचं बरोबर.
एक खेळ तेवढा बरा. ताटात सहा अंडी, ताट न हलवता पूल पार करायचा. माझी अंडी तिसऱ्या पावलाला खाली. साडूची सहाही पलीकडे. दर वेळी मला दोन नंबरचाच रिमोट देत होता. लक्षात आलंय माझ्या.

२८, मंगळ.
दुकानात पाच एचपीची जळकी मोटर भरायला घेतली, आत नवी तार गुंडाळायची. तार दोनदा तुटली. यंदा तारही हलकी यायला लागलीय, कुणाचा भरवसा धरावा.
संध्याकाळी परत अंडी. सौ.ने एक नंबर घेतला, दोन नंबर मीच धरून बसलो होतो. तिची सहाही पार. "जमतंय की मला!" लहान पोरीसारखी हसली. मी ओरडलो, हा रिमोटच खराब आहे. तर एकदम हसायची थांबली. "जाऊ द्या. बंद करा त्ये." बंद का? साडूनं हिला काहीतरी सांगून ठेवलंय.

३०, गुरु.
ओसरीत दिवाणावर बसून दोन नंबर खोलला. आत एवढीशी प्लेट. जळकं काही नाही, सोल्डरचे टाके शाबूत. बारका स्क्रू, चारदा हातातून निसटला, शेवटी दिवाणाखाली गेला.
साडूला फोन लावला. म्हटलं, खराब माल गळ्यात मारला तुम्ही. तो म्हणाला, "खरं सांगू का? आमच्याकडं दोन दिसांत कटाळा आला समद्यांला, म्हनून दिला. रिमोट चांगले हायेत, देवाशपथ."
देवाची शपथ लगेच घेतो.

१ नोव्हें., शनि.
दोघी बाजारात गेल्या होत्या. कडी लावली.
कुणी बिघडलेली मोटर आणली तर मी ती आधी खोलत नाही. तिच्या जागी चालती मोटर जोडून बघतो. बिघाड गेला तर मोटरचा. तिथंच राहिला तर मोटरचा नाही, मागच्या लाईनचा. तीस वर्षं दुकान यावर चाललंय. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.
एक नंबर उजव्या हातात घेतला. तिसऱ्या पावलाला अंडी खाली.
दोन नंबर डाव्या हातात. सहाही पार.
परत केलं. परत तेच.
बिघाड तिथंच राहिला.
टीव्ही बंद करून उजवा हात मांडीवर ठेवला. अंगठा आपोआप हलत होता. दाबून धरला, सोडला, परत हलायला लागला. मला भीती वाटली. तार चांगली होती. मला दुसरं काही काम येत नाही.

२, रवि.
साडूला फोन करून माफी मागायला हवी. केला नाही.
सकाळी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं बघितलं. दूध निम्म्यावर होतं, म्हणजे कमी नव्हतं. सौ.ने कप पुढे केला, अर्धाच.
तुला कधीपासून कळलंय, हे विचारायचं होतं. तोंडातून आलं, "पुरा भर."
"सांडंल..." एवढंच म्हणाली. मग भरला, काठोकाठ.
कप समोर आहे. तिला सांगितलं, हे लिहून झालं की घेतो. बीडला डॉक्टरला हात दाखवायची गोष्ट मी काढणार नाही. ती काढते का बघतोय. ती चुलीकडे तोंड करून उभी आहे, पण भांडी वाजत नाहीत.
चहा निवत चाललाय. साय धरली. पेन ठेवतो. कप उजव्यानेच उचलणार.