घरातला सुपरइगो माहेरी

१ ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. कुणी वाचू नये. वाचलीच तर पुढे माझ्या चरित्रकारानं.

फ्रॉइडसाहेबांनी वडील वारल्यावर स्वतःच स्वतःचं विश्लेषण केलं आणि त्यातून जगाला अबोध मन दाखवलं. माझे वडील सुदैवानं ठणठणीत आहेत, पण बायको माहेरी गेली आहे. सुरुवातीला एवढं पुरे.

केसची माहिती. नाव राजनंदिनी, माझी पत्नी. पंचमीला भाऊ न्यायला आला, त्याच्या गाडीवर पालीला गेली. जाताना माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या पाया पडली आणि मला सांगून गेली की आता वाट बघू नका. कारण किरकोळ. तिला स्वप्न पडलं होतं. बाजारात एकटीच उभी राहून जिलेबी खातेय, कुणालाही देत नाही. पहाटे हळूच मला सांगितलं. चौसाळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवतो (तासिका तत्त्वावर, पण ज्ञान फुलटाइम). अकरावीला त्याच दिवशी स्वप्नांचा धडा होता. मी उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही. फक्त 'आमच्या घरी' म्हणालो.

दोन दिवसांत गावभर. हॉटेलवाल्यानं तिला रस्त्यात हाक मारून विचारलं, वैनी, गरम काढल्यात, एकट्यापुरत्या बांधू का? ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

विज्ञानासाठी सोसावं लागतं. तिलाही कधीतरी कळेल.

३१ तारखेला महालक्ष्म्या यायच्या. घरची सून नसेल तर लक्ष्म्या उभ्या कोण करणार, हा आप्पांचा प्रश्न. ती आठ दिवसांत आपणहून येईल, हे माझं उत्तर. न्यायला जाणार नाही. न्यायला जाणं म्हणजे आजार वाढवणं.

४ ऑगस्ट, सोमवार

फ्रॉइडसाहेबांच्या मते मनाचे तीन भाग. इड, म्हणजे हवं ते आत्ताच्या आत्ता मागणारा. सुपरइगो, म्हणजे नको, शोभत नाही, असं म्हणणारा. आणि इगो, दोघांची समजूत घालून जगाशी जमवून घेणारा शहाणा.

आमच्या घरात आप्पा इड. राजनंदिनी सुपरइगो. मी अर्थातच इगो.

सध्या सुपरइगो पालीला असल्यामुळे इड आणि इगो दोन्ही वेळा फरसाण खात आहेत. आप्पांनी सकाळी गूळ-शेंगदाण्याचा डबा संपवला. मी रोखलं नाही. दमन वाईट. दुपारी त्यांचं पोट बिघडलं.

आप्पा म्हणाले, तिला आणायला मुराळी धाड, न्हाईतर सोता जा, पोरगी वाट बघत असंल. मी शांतपणे समजावलं की ती वाट बघत नसून प्रतिकार करत आहे. आप्पा म्हणाले, ह्ये तुला कुणी सांगितलं? मी म्हणालो, व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी. त्यांनी विचारलं, त्याची बायकू घरी व्हती का?

होती. मुद्दा तो नाही.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी

फ्रॉइडसाहेबांनी लग्नाआधी मार्थाबाईंना शेकड्यांनी पत्रं लिहिली. म्हणून मीही राजनंदिनीला व्हॉट्सॲप केलं. तीन वेळा खोडून शेवटी हे पाठवलं: 'तुझ्या रागाचं मूळ तुझ्या बालपणात आहे. काळजी नको.'

निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर नाही.

संध्याकाळी सासरेबुवांचा, बबनरावांचा फोन. म्हणाले, लहानपणी आमी तिला काय कमी केलं ते जरा सांगा. मी ट्रान्सफरन्स, म्हणजे बापावरचा राग नवऱ्यावर निघणं, समजावून सांगायला लागलो. रेंज गेली असावी.

आठ दिवस झाले. ती आली नाही. शास्त्रात आठ दिवस असा कुठे नियमही नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

खरा अडथळा लक्षात आला: प्रॅक्टिस नाही. हात बसला की राजनंदिनीची केस चुटकीसरशी. ओसरीवर बाज टाकली. पेशंटनं उताणं पडायचं, मनात येईल ते बोलायचं, आपण उशाशी खुर्ची टाकून मागे बसायचं. फ्रॉइडसाहेब असेच बसायचे, दिवसभर कुणी तोंडाकडे टक लावलेलं त्यांना चालायचं नाही. मलाही नाही, विशेषतः सध्या.

पहिला पेशंट पप्पू, स्टँडजवळचा फ्लेक्सवाला. फुकट म्हटल्यावर आला. पडल्या पडल्या म्हणाला, मनात एकच येतंय, तू वैनीला आणायला कावून जात न्हाईस बे? मी लिहून घेतलं: पेशंट स्वतःबद्दल बोलणं टाळतो. मग तो झोपला. घोरणं हीसुद्धा अबोध मनाची भाषा आहे, पण पुस्तकात तिचा तक्ता नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वर्गात इड शिकवला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर, मॅडम आल्या का? मी म्हणालो, अवांतर प्रश्न नकोत. सगळा वर्ग माझ्याकडे फार मायेनं बघायला लागला. ते जास्त लागलं.

घरी धुतलेला एकही शर्ट नाही. आप्पांचा घालून गेलो होतो.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळ

आज आप्पांचं सेशन. मोठी केस आहे, बापाचा अभ्यास झाला की माझा आपोआप होतो. आणि माझा झाला की राजनंदिनी येणार. सरळ रस्ता आहे.

पूर्ण तयारी. पंख्याची वायर पुरेना म्हणून बाज फिरवून घेतली, पाय दक्षिणेकडे आले. आप्पा कुरकुरले. मी म्हणालो, अंधश्रद्धा. फ्रॉइडसाहेब सेशनमध्ये चिरूट ओढायचे. मला ठसका लागतो, म्हणून उशाशी उदबत्ती. जुन्या आठवणी जाग्या व्हाव्यात म्हणून आप्पांचा तरुणपणचा फोटो आतून काढून स्टुलावर ठेवला, उदबत्तीच्या मागे. छान दिसतंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ

जे घडलं ते क्रमानं लिहितो. मन स्थिर ठेवून.

आप्पा पडले. माशा फार, म्हणून तोंडावर पंचा घेतला. मी उशाशी मान खाली घालून लिहीत होतो. थोडं बोलून ते गप्प झाले. मी थांबलो. शांतता फार महत्त्वाची.

एवढ्यात शेजारच्या बायनाबाई चहापत्ती मागायला आल्या. दारातच थबकल्या. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून खूण केली, या, पण आवाज नको. त्यांनी एकदम हंबरडा फोडला.

मला वाटलं, काय ताकद आहे पद्धतीची! बाई नुसत्या बघून मोकळ्या झाल्या. वर्षानुवर्षं दाबलेलं बाहेर पडत होतं. आप्पा, कुणाला न सांगता गेलात वो, लई गरीब माणूस, कुणाच्या वाट्याला जायचा न्हाई, असं बरंच. मी भराभर टिपून घेतलं. रडू नका असं अजिबात म्हटलं नाही. उलट म्हणालो, होऊ द्या मोकळं.

मग गल्ली जमली. मी सगळ्यांना सतरंजी दिली. एवढा प्रतिसाद अपेक्षित नव्हता. पुरुष टोप्या काढून बसले. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, कवा झालं? मी म्हणालो, आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी सुरू केलं. तो माझ्याकडे जरा चमकून बघत राहिला. पप्पूनं मोबाइलवर फोटो काढला. मला वाटलं, जाहिरातीसाठी.

त्यानं गावाच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली होती. चौकट आणि फुलांसकट. साचा त्याच्याकडे तयारच असतो.

पालीहून जीपला वेळ लागत नाही. राजनंदिनी दारातून धावतच आली, अनवाणी. मागे बबनराव. तिनं बाजेवर अंग टाकलं आणि आप्पा, आप्पा म्हणून असा आक्रोश केला की माझ्या हातातलं पेन पडलं. मला तेव्हा कळलं की माझे वडील वारले आहेत. मीही रडायला लागलो. खरंच रडलो.

आप्पा उठून बसले आणि म्हणाले, आलीस का पोरी?

पुढची काही मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत. स्टूल मोडलं. बायनाबाईंना पाणी पाजावं लागलं. आप्पांनी नंतर मान्य केलं की ते केव्हाच जागे झाले होते, पण मंडळी लई चांगलं बोलत व्हती म्हणून पडून राहिले.

राजनंदिनी आधी रडत होती, मग हसायला लागली, मग दोन्ही. मी मनात नोंद केली: पेशंट घरी आली, उपचार लागू पडला.

मग तिनं डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर विचारलं, तुमी मला न्यायला कावून आला न्हाईत? मी रोज जीप थांबली की दाराकडं बघत व्हते.

मी म्हणालो, मी गेलो असतो तर तुझा प्रतिकार पक्का झाला असता.

ती उठली. आत गेली, मोरीतली भांडी पाहिली, आप्पांचे कपडे पिशवीत भरले आणि त्यांना जीपमध्ये बसवलं. म्हणाली, यांची आबाळ व्हायली. आप्पा खिडकीतून मला हात करून गेले. फार आनंदात दिसले.

२५ ऑगस्ट, सोमवार

घरात आता फक्त इगो.

श्रद्धांजलीचा फ्लेक्सही छापायला टाकला होता का विचारायला पप्पूकडे गेलो. टाकला होता. घरी आणून घडी करून ठेवला. आप्पा हसतायत त्यात.

३० ऑगस्ट, शनिवार

उद्या लक्ष्म्या. आज पालीला गेलो. हा पराभव नव्हे, याला फील्डवर्क म्हणतात.

ओट्यावर बबनराव आणि आप्पा चहा पीत बसले होते. बबनराव म्हणाले, जावईबापू, न्यायला एकट्यानं येत न्हाईत. तुमच्याकडचं वडीलधारं माणूस लागतं बोलायला. माझ्याकडचं एकमेव वडीलधारं माणूस त्यांच्या शेजारी बशीत चहा ओतत होतं. मी आप्पांकडे आशेनं बघितलं. आप्पांनी घसा साफ केला आणि त्यांच्याच बाजूनं बसून मला विचारलं, पोरीचं सपान परत वर्गात सांगशील का?

मी म्हणालो, नाव पूर्ण बदलून, गावही दुसरं घालून, निव्वळ शैक्षणिक...

आप्पांनी कपाळाला हात लावला.

आतून राजनंदिनीचा आवाज आला. लक्ष्म्यांपुरती येते. त्या तीन दिवस ऱ्हात्यात, मी बी तेवढीच.

जीपमध्ये ती पुढे बसली. आप्पा मध्ये. मी मागे, नारळाच्या पोत्याजवळ.

१ सप्टेंबर, सोमवार

दोन्ही लक्ष्म्या सुरेख नटल्या. सोळा भाज्या, पुरण, सगळं तिनं केलं. लक्ष्म्यांशी बोलते, आप्पांशी बोलते, बायनाबाईंशी तर तासभर बोलली. माझ्याशी नाही. वाढताना पोळीवर तूप मात्र घातलं. याचा अर्थ काय असावा यावर पाऊण पान लिहिलं होतं, ते फाडलं.

उद्यासाठी निवेदन तयार केलं आहे. 'प्रतिकाराची कारणमीमांसा आणि पुढील दिशा.' पाठ झालं.

२ सप्टेंबर, मंगळवार

लक्ष्म्या गेल्या. तिची पिशवी ओसरीवर. जीपला वेळ होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. निवेदनाचं पहिलं वाक्य आठवेना. दुसरंही नाही.

म्हणालो, जाऊ नको. मला करमत नाही.

तिनं विचारलं, ह्ये कोणच्या पुस्तकात हाय?

म्हणालो, कुठल्याच नाही.

तिनं जीपच्या रस्त्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, काल पुन्ना एक सपान पडलं मला. माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. तिनं ते बघितलं. हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, आता तुमाला कवाच सांगायची न्हाई. आणि पिशवी उचलून आत घेऊन गेली.

राहिली आहे. स्वप्न काय होतं ते मला कधीच कळणार नाही. विचारायचं नाही असं ठरवलंय, आणि दर दोन मिनिटांनी पुन्हा ठरवतोय.

मोरीतून हाक आली. सोळा भाज्यांची पातेली घासायची आहेत. जातो.