वैशालीचं पहिलं वर्ष

प्रिय शालन,

काल वैशालीला खरं सांगितलं. तुला दिलेला शब्द मोडला, म्हणून तुला कळवणं भाग आहे.

तुझी लेक आता कॉलेजात मानसशास्त्र शिकते. माझाच विषय. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूतली हालचाल टिपतात, हे तिला वर्गात सांगितलं. ओळखीचा चेहरा दाखवला की हालचाल वेगळी दिसते म्हणे. म्हणजे बाळ लक्षात ठेवतं; मोठेपणी ते आठवत नाही, एवढंच. आमच्या वेळी असलं कुणी शिकवलं नव्हतं.

मग घरचा अभ्यास मिळाला: आपलं पहिलं वर्ष आईला विचारून या. वैशालीने कुसुमला विचारलं. पहिला दात कधी आला? रांगले कधी? कुसुम काय सांगणार? तुझ्यामागे ती माझ्या भावाशी लग्न होऊन आली तेव्हा ही झेंडूच्या वाफ्यांतून धावत होती.

वैशाली रिक्षाने थेट माझ्याकडे आली. "आत्या, विसरायचं मी, आणि विसरली आई. बाळ कोण होतं, मी की ती?"

मागोमाग कुसुम आली. दारातूनच म्हणाली, "वन्सं, हिचा पहिला दात मी कुठून आणू? तुम्हीच सांगा."

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तू काय म्हणालीस? तिला सांगू नका, तिला कुठे काय आठवणार आहे! येणारीला परकं वाटू नये म्हणून म्हणालीस, कबूल. पण स्वतःला असं पुसून टाकायचा अधिकार तुला कुणी दिला? तू गंगेवर, गोदेच्या घाटावर, फुलं विकून परतलीस की ती आनंदाने पाय झाडायची. आम्हा कुणासाठी नाही झाडले.

मी सगळं सांगितलं. तू शिवलेली कुंची पुढे ठेवली. वैशालीने ती बराच वेळ नाकाशी धरली.

"काहीच आठवत नाही, आत्या."

"आठवणार नाही. आठवावं म्हणून देत नाही. तुझी आहे म्हणून देते."

थोड्या वेळाने तिने पुन्हा दाताचं विचारलं. "गणपतीत आला," मी म्हटलं. "तुझ्या आईचं बोट चावलंस तेव्हा कळलं." कुसुम आधी हसली, मग वैशाली.

यापुढे ती विचारेल ते सांगेन. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणेन. तुझ्या नावावर गोड गोष्टी रचणार नाही.

तुझी वन्सं,
विमल

ता. क. वैशालीला सोपवलं ते असं: कुंची, बारशाचा फोटो, चांदीचे वाळे. तिने घेतलं. वाळे तिने तिथेच कुसुमच्या हातात दिले आणि म्हणाली, "आई, हे तुझ्याजवळ ठेव."