आईच्या तोंडचं वाक्य

अण्णा,

तुमच्या नाटकांचं पुस्तक काढायचं चाललंय. तुमच्या नाट्यमंडळातली दोन माणसं परवा घरी येऊन गेली. दोघंही आता थकलेत, पण तुमचं नाव निघालं की अजून ताठ बसतात. "लेकीनं वडिलांबद्दल चार शब्द लिहावेत," म्हणाले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, चहा दिला. ते गेल्यावर लिहायला बसले तर त्यांच्यासाठी एक ओळ सुचेना. तुमच्याशी भांडण मात्र आपोआप सुरू झालं. तुम्ही होतात तेव्हा ते करायची माझी छाती झाली नाही.

चिंचवड गावठाणातल्या त्या दोन खोल्या आठवा. तुम्ही पिंपरीच्या कंपनीत टर्नर, आई भोसरीला रेडिओचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. बारीक तार गुंडाळायच्या टेबलावर सगळ्या बायकाच, कारण बायकांची बोटं नाजूक असतात असं तिथल्या साहेबांचं मत. आईची बोटं नाजूक नव्हती. मावळातल्या माहेरी चिखलात वाकून भात लावलेली बोटं ती. पण काम तिच्या हातात बसलं आणि पुढे टेबलावरच्या नव्या मुलींना शिकवायचंही तिच्याकडे आलं. आपल्या आळीत कंपनीत जाणारी ती एकटीच. एकदा ती संध्याकाळी घरी येते, तुम्ही पहिली पाळी करून दुपारपासून पेपर वाचत पडलेले, आणि धाकटा रडून रडून लाल झालेला. ती त्याला उचलते, तुमच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, "माझी शिफ्ट सुटली, आता तुमची लागली!" आणि हसते. तुम्हीही हसलात, अण्णा. त्याला खांद्यावर घेऊन कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलंत. तुम्ही दोघं एकदम हसलात असं फारसं होत नसे, म्हणून मला ते लख्ख आठवतं. आपलं घर चांगलं आहे असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

मग तुमच्या खात्यातला तो वेल्डर आपल्याकडे यायला लागला. आई कामावरून येण्याच्या वेळेलाच नेमका यायचा. ती चपला काढते कशी, पर्स कुठं अडकवते, घड्याळ सोडून मनगट कसं चोळते, सगळं बघत बसायचा. आई बिचारी त्याला आधी चहा करून द्यायची आणि मग तोंड धुवायची. "वहिनी, बसमधनं उभ्यानं येऊन पाय दुखत असतील," तो म्हणायचा. "दुखत्यात की भावजी, पर सांगायचं कुनाला?" तिला वाटे, कुणीतरी आपलं विचारतंय.

कामगारांच्या नाट्यस्पर्धेत तुमचं नाटक लागलं तेव्हा आई धाकट्याला घेऊन बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्या शेजारी. पडदा वर गेला आणि तो वेल्डर बाईच्या वेषात आत आला. ओठ लालभडक, मनगटाला दोरीनं बांधलेलं गजराचं घड्याळ, आणि अंगावर आईची आकाशी नायलॉनची साडी. तिच्या पहिल्या पगाराची. तो चपला काढतो त्या आईसारख्याच, पर्स अडकवतो ती आईसारखीच, आणि मग खाटेवर पाय पसरून ओरडतो, "माझी शिफ्ट सुटली, आता तुमची लागली!" नवरा बिचारा वाकड्यातिकड्या पोळ्या लाटतोय, पोर भोकाड पसरतंय. सभागृह कोसळलं. शिट्ट्या पडल्या. शेवटी पोर स्टोव्हवर भाजतं, बाई कपाळ बडवते, घड्याळ फेकून देते आणि नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून म्हणते की हे घर हीच माझी कंपनी. त्यावर तर लोक उभे राहिले. आई उठली नाही. धाकट्याचं डोकं छातीशी दाबून ती शेवटपर्यंत बसून राहिली.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "माझी साडी पेटीतनं कवा काढली?"

"अगं, कपडे भाड्यानं आणायचे म्हणजे..."

"मला इचारायचं हुतं."

"तू दिली नसतीस."

"न्हाईच दिली असती."

तुम्ही हसलात. "नाटक आहे ते. तुझ्यावर थोडंच आहे?"

कुणावर होतं मग? दुसऱ्या दिवसापासून आळीनं तिला ओळखलं. ती कामावर निघाली की नळावरच्या बायका शिफ्ट कुणाची म्हणून विचारत, बसथांब्यावर पोरं मनगट वर करून दाखवत. तिनं तेही सोसलं असतं. पण एकदा टेबलावर एका नव्या मुलीची तार चुकली, आई तिला सगळं उलगडून पुन्हा गुंडाळायला सांगत होती, आणि स्टोअरचा माणूस जाता जाता म्हणाला, "बाई, तुमची शिफ्ट सुटली का?" मुली हसल्या. तिनं हाताला धरून शिकवलेल्या मुली. त्यानंतर तिचा शब्द तिथं कुणी मानेना. काही महिन्यांनी तिनं काम सोडलं. आम्हाला म्हणाली, "धाकटा ल्हान हाय अजून."

तुम्ही पेढे आणलेत. पेढ्यांचंही मी काही म्हटलं नसतं. पण पुढच्या प्रयोगाला तुम्ही पडद्याच्या पुढे आलात आणि हात जोडून म्हणालात, "मंडळी, हे नाटक मी नुसतं लिहिलं नाही, जगलोय. याचा शेवट माझ्या घरात खरा झालाय." टाळ्या! अण्णा, आपला धाकटा कधी भाजला नव्हता. आई कामावरून येऊन कधी खाटेवर बसलीसुद्धा नव्हती, पाय पसरणं लांबच. तुम्ही तिचं चालणं, तिची साडी आणि तिनं आयुष्यात केलेली एक थट्टा उचललीत, त्याची एक आळशी, उर्मट बाई केलीत, आणि तिला त्या बाईसारखंच घरी बसायला लावून वर सांगितलंत की बघा, माझं खरं निघालं.

मॅट्रिकनंतर मी आयटीआयला जायचं म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "कंपनीत जाणाऱ्या बायकांचं काय होतं ते पाहिलंस ना?"

"कुठं?" मी खरंच विचारलं होतं.

"आपल्या नाटकात."

थट्टेनं नाही म्हणालात. तोवर तुमचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला होता. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. मी गेलेच, पण वर्ष वाया गेल्यावर, मामाकडे राहून. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीच्या कामाला लागले तरी तुम्ही माझ्याशी धड बोलत नव्हतात. पहिल्या दिवशी फोरमननं विचारलं, "तुम्ही त्या नाटकवाल्यांच्या कन्या ना?" आणि सगळं खातं हसलं. तुम्ही तिथंही माझ्या आधी पोचला होतात.

तुमच्या शोकसभेत तो वेल्डर, आता म्हातारा, डोळे पुसत उभा राहिला आणि मनगट वर करून ते वाक्य म्हणाला. रडणारी माणसं हसली आणि सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तीही हसली, पदर तोंडाला लावून. मी उठून बाहेर आले.

ती आता माझ्याकडे असते, रहाटणीला. पुस्तकवाले गेल्यावर मी तिला म्हटलं, "ते वाक्य तुझं होतं. एकदा तरी कुणाला सांगायचंस." ती लसूण सोलत होती. म्हणाली, "त्यांचं नाव झालं ना त्याच्यावर? ऱ्हाऊ दे."

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक कबूल करून टाकते. यातला निम्मा राग तिच्यावरचा आहे. ती पलीकडच्या खोलीत बसलीय आणि तिला यातला एक शब्द मी कधी ऐकवणार नाही. तुमच्यावर काढणं सोपं जातं, अण्णा. तुम्हाला आता दुखत नाही.