पाण्यात न भिजणारी वही

१२ ऑक्टोबर
वहीचा पुन्हा लगदा. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशातून काढली तर पानं एकमेकांना चिकटलेली, शाई सगळी खिशाला. गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज गेला, तेव्हापासूनची ही कितवी वही कोण जाणे. लाँचवर खलाशाचं काम म्हणजे अंगावर सतत पाणी. म्हटलं, आता घरी बसा. उत्तर लिहायला वही नव्हती, मग नुसते बघत राहिले.

१५ ऑक्टोबर
लेकीने वही पाठवली. ती रस्त्यांच्या मोजणीच्या कामावर आहे. तिथले लोक भर पावसात हिच्यातच लिहितात म्हणे. पिवळट पानं, हाताला मेणकापडासारखी. ह्यांनी बॉलपेनने काहीतरी लिहिलं, वही बादलीत बुडवली, झटकली आणि माझ्यापुढे धरली — 'मालकाला सांग, बोलका खलाशी परत आला.'
कितीतरी दिवसांनी हसलो. म्हणजे मी हसले. ह्यांचे नुसते खांदे हलले.

१९ ऑक्टोबर
लाँचचा मालक वाटेत भेटला. सांगत होता, हे आता धक्क्यावरच्या माणसांशी भांडतातसुद्धा — लिहून! पूर्वी एका हाकेत अख्खा धक्का गोळा करायचे. वही दोरीने कमरेला बांधलेली असते. घरी मात्र गप्पच. मी बडबडते, हे मान हलवतात.

२ नोव्हेंबर
तपासणीला एकटेच गेले. मी येते म्हटलं, तर हातानेच थांब म्हणाले. आले ते न जेवता बसून राहिले. खोदून खोदून विचारलं तेव्हा लिहिलं — 'परत आलंय. डॉक्टर औषधं देतो म्हणतात. मी घेणार नाही.'
का? तर वही मिटली.
बोलणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. ह्यांनी वही मिटली की संपलं. मी भिंतीवर डोकं आपटत बसायचं.

५ नोव्हेंबर
लेक फोनवर रडली. धाकटे दीर येऊन समजावून गेले. मालकाने हवी तेवढी रजा घ्या म्हणून सांगितलं. कोणाचंच ऐकत नाहीत.

६ नोव्हेंबर
हे अंघोळीला गेले तेव्हा वही घेतली. ते पान काढून नळाखाली धरलं. साबण लावला, अंगठ्याने घासलं. 'मी घेणार नाही' — जसंच्या तसं. फाडायला गेले, तर धड फाटेनासुद्धा. मग लेकीला फोन करून तिच्यावरच ओरडले, एवढी चांगली वही कशाला पाठवलीस म्हणून. मी काय करत होते, माझं मलाच कळत नव्हतं.
हे मागे येऊन उभे होते. माझ्या हातातून वही घेऊन त्याच ओल्या पानावर लिहिलं — 'हात सोलवटतील.'

८ नोव्हेंबर
इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं कधी बोलले नव्हते. आज म्हटलं, "तुम्हाला माझ्यासोबत जगायचंच नाही, एवढं लिहून द्या." ह्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. शेवटी लावलं आणि कामावर निघून गेले.
बोलायला नको होतं. पण मग करू तरी काय?

९ नोव्हेंबर
उद्या डॉक्टरांना गाठते. तुम्हीच समजवा म्हणते. पाया पडावं लागलं तरी पडेन.

१० नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, "औषधांचं मी बोललोच नव्हतो. आता कशाचाच उपयोग होणार नाही, हे त्यांना त्याच दिवशी सांगितलं. घरी माझं मी सांगतो, असं त्यांनी लिहून दाखवलं."
घरी आले तर हे दारातल्या पायरीवर. कुठे होतीस, हातानेच विचारलं.
बाजारात, मी म्हणाले.
हातात पिशवीसुद्धा नव्हती. हे जरासे सरकले आणि मला बसायला जागा केली.