मंडळीने दत्तक घेतलेला पाय

४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मिळालं. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी ते नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं. समुद्रापलीकडचा तुझा दवाखाना आपल्या चर्चची मंडळी चालवते, त्यामुळे तुझ्या रोग्यांवर आपलाच हक्क आहे असं इथे प्रत्येकाला वाटतं. पण या खेपेला कहर झाला. तू जिला 'तोफ' म्हणतेस त्या म्हातारीनं सगळ्यांना जिंकलं. साखरेच्या आजारानं तिचा पाय चिघळलाय आणि मलमपट्टी करताना ती तुलाच शिव्या घालते, हे ऐकून मागच्या बाकावरचे पुरुषसुद्धा जागे झाले.

आता दर बुधवारच्या प्रार्थनासभेत आधी आजारी माणसं, मग परीक्षेची मुलं आणि मग पाय. ऑर्गन वाजवणारे मास्तर परवा 'आपला पाय' म्हणाले, तेव्हा मला वाटलं त्यांचा गुडघा पुन्हा दुखतोय. सेक्रेटरीबाईंना फोटो हवाय. पायाचा. चेहरा नसला तरी चालेल म्हणाल्या.

सोबतच्या खोक्यातल्या पट्ट्या पाळकीणबाईंच्या जुन्या गुलाबांच्या चादरीतून फाडल्या आहेत. गुंडाळताना कॉन्व्हेंटमधला शिवणाचा तास आठवला. तू अशीच एक पट्टी बाहुलीला बांधलीस म्हणून सिस्टरनी तुला बाकावर उभं केलं होतं. तू तिथूनही मला सांगत होतीस की बाहुलीला हलवू नको.

तोफेला सांग, सगळं चर्च तिच्या पायासाठी गुडघे टेकतंय. तेवढंच बरं वाटेल तिला.

आशीर्वाद आहेतच, उत्तराचा मात्र आळस नको.

तुझी,
ताई

१३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तू सांगितलंस तसं मी तिला सांगितलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. म्हणीला हसू नकोस.

तिची बोटं काळी पडली आहेत आणि ते काळं टाचेकडे सरकतंय. गुडघ्याखालून पाय काढला नाही तर ती जगणार नाही. मोठ्या इस्पितळातले सर्जन इथे महिन्यातून एकदा येतात, ते पुढच्या खेपेला कापणार होते. तीही तयार झाली होती. तुझा निरोप ऐकला आणि फिरली. म्हणाली, एवढी परकी माणसं माझ्या पायासाठी देवापुढे बसली आहेत, आणि मी तो कापून त्यांना तोंडघशी पाडू? माणसाला काही रीतभात आहे की नाही? मंडळी समजून घेईल म्हटलं, तर म्हणाली, त्यांनी तसं स्वतः सांगितल्याशिवाय नाही. तिच्या मुलीनं पाया पडून विनवलं, तर धडधाकट पायानं तिला ढकललं.

ताई, मला आधी हसू येतं आणि मग रडू. अजून जखम कोरडी आहे म्हणून थांबता येतंय. उद्या ताप भरला तर सर्जनची वाट बघायलाही वेळ उरणार नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून तो पाय घट्ट धरून ठेवलाय, तो सोडा. पाळकसाहेबांना सांग. गोड शब्दांत नको.

उत्तर लगेच टाक. माया मागाहून पाठवलीस तरी चालेल.

तुझी,
धाकटी

२४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र नेमकं बुधवारी आलं, म्हणून पदराला हात पुसत तशीच चर्चमध्ये गेले आणि सभेत उभी राहिले.

पाळकसाहेब पांढरे पडले. म्हणाले, आपण देवाकडे आजवर काही कापून मागितलेलं नाही. शिवाय आधी बरा कर म्हणायचं आणि आता काढून टाक, म्हणजे देवाला हेलपाटे घालायला लावणं. सेक्रेटरीबाईंनी सुचवलं की 'तुझी इच्छा पूर्ण होवो' एवढंच म्हणू, त्यात सगळं येतं. मी म्हटलं, तेवढं एक सोडून सगळं येतं. मास्तरांचं म्हणणं, अजून आठवडाभर बघू. त्यांचं काय जातंय, टाच दुसऱ्याची!

तेवढ्यात पाळकसाहेबांच्या आई उठल्या. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बोलतात. त्यांनी तोंडातली कवळी काढून गीतांच्या पुस्तकावर ठेवली. बोळक्या तोंडानं म्हणाल्या, माझे दात उपटले तेव्हा तुम्ही कुणी देवाला असं ताटकळत ठेवलं नव्हतं, आणि माझं हालेलुया काही अडलेलं नाही. मग लेकाकडे वळून म्हणाल्या, बाळ्या, डोळे मीट आणि काप म्हण.

बाळ्यानं डोळे मिटले. 'काप' म्हणताना आवाज चिरकला, पण म्हणाला. सुरीला धार मागितली, सर्जनच्या हाताला बळ मागितलं. आमेन एवढ्या जोरात झालं की बाहेरचा रखवालदार बघायला आत आला.

तोफेला वाचून दाखव. इथे कुणी तोंडघशी पडलेलं नाही. रीतभात म्हणून मी मंडळीतर्फे हात जोडून लिहिते, बाई, पाय द्या.

घाईत आहे, तू मात्र आशीर्वाद सावकाश घे.

तुझी,
ताई

१७ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आजचं पत्र माझं नाही. म्हातारी सांगेल ते मराठीत उतरवायचं, एक शब्द बदलायचा नाही, अशी तंबी आहे. शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

प्रार्थनावाल्या बाईस सलाम.

पाय दिला. सुरी चांगली होती. टाके सुकत आले आहेत. डॉक्टरीण रडली, मी नाही. पाळकाच्या आईला सांगा, तुमचे दात गेले, माझा पाय गेला, आपल्या दोघींची मिळून एक धड म्हातारी होईल.

आता बुधवारी तुमच्या लोकांना काम उरलं नसेल, म्हणून देते. ही तुमची बहीण बघा. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या खाटेशी बसून आहे. जेवते उभ्यानं, तेही जेवली तर. नाडी माझी बघते आणि मोजता मोजता स्वतःच पेंगते. आत्ताही लिहायची थांबली होती, मी ओरडले तेव्हा पेन हलला.

हिच्यासाठी बसा. आणि मागच्या वेळेसारखं करू नका. तेव्हा पाय मागत राहिलात आणि बाई विसरलात. भूक दे, झोप दे, असं सुटं सुटं मागू नका.

अख्खी मागा.

खाली अंगठा माझा आहे. तोफ म्हणतात ते मला माहीत आहे.