नोएमीच्या खुल्या तासाला मी होते

प्रिय नोएमी,

विद्यापीठाला नकार कळवायच्या आधी हे वाच. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून बसचालक फाबियानच्या हाती पाठवतेय. इतकी वर्षं विद्यापीठात साहाय्यक म्हणून राबलीस, आता कुठे स्त्रीवादी तत्त्वज्ञानाचं अध्यासन जिंकलंस, आणि म्हणतेस काय, तर "आई, मी गावातल्या शाळेत शिकवीन. बाबांमागे तुला एकटीला कशी ठेवू?" माझं उत्तर ऐकायच्या आत फोन बंद!

तर आता एक सांगते, ओरडू नकोस. तुझ्या निवडीच्या खुल्या तासाला मी हजर होते. घरचं कोणी दिसलं की आवाज कापतो, येऊ नका, असं तू बजावलं होतंस. पण तो तास कुणालाही ऐकता येतो, मग आईलाच बंदी का? पहाटेच्या बसने डोंगर ओलांडून कोर्दोबाला आले आणि बाबांची करडी टोपी घालून खांबामागे बसले. शेजारची पोरगी म्हणाली, "आजी, वाट चुकलात का?" म्हटलं, "चुकले नाही गं, जरा उशिरा पोचले." ती खूप हसली आणि तिने आपल्या कडू येर्बा-चहाचा पेला माझ्यापुढे धरला. मला पटकन घेताच येईना. घरी मी अजूनही दुसरा पेला भरून टेबलापलीकडे धरते, मग परत मीच पिते. तिथे कुणीतरी माझ्यासाठी धरला होता.

आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून तुला विषय मिळालेला: काळजी. पांढऱ्या मिशांचा परीक्षक म्हणाला, "बाई, हा स्वयंपाकघरातला विषय तत्त्वज्ञानात कशाला?" तू शांतपणे विचारलंस, "सर, तुमचे तत्त्वज्ञ उपाशीपोटी विचार करायचे का?" काय हशा पिकला! मी इतक्या टाळ्या पिटल्या की ती पोरगी कुजबुजली, "आजी, हळू! आपल्याला बाहेर काढतील." मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, माझी आहे ती! बाबा असते तर ते ओरडलेच असते.

नंतर तू म्हणालीस, ज्याची काळजी घ्यायची त्याला न विचारता सगळं ठरवलं, तर ती काळजी नव्हे, ताबा झाला. इथे मी टाळी वाजवली नाही. विचार करत राहिले. बसमध्ये परततानाही तेच. मग सांग बाईसाहेब, शाळेतली नोकरी धरताना मला विचारलंस?

विचारलं असतंस तर कळलं असतं. तो तास संपल्यावर मी विद्यापीठाच्या कचेरीत गेले. ज्यांची शाळा अर्धवट राहिली, अशा मोठ्या माणसांसाठी तिथे प्रवेशपरीक्षा असते. मी ती दिली, नोएमी, आणि पास झाले! मार्चपासून मी इतिहास शिकणार. तुझ्या वर्गात बसणार नाही, घाबरू नकोस. तुझ्या घरीही राहणार नाही; एका शिंपीणबाईंकडे खोली ठरवलीय, रविवारी मात्र जेवायला येईन. इथल्या घरात शेजारच्या राकेलची लेक राहायला येतेय. तेव्हा माझ्यासाठी गावी आलीस, तर दार तीच उघडेल. तू आपली अध्यासनावर बस.

तुझीच, पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी,
ओफेलिया