पोस्टरवरचा पाय

एकोडी

प्रिय तृप्ती,

रोवणी सुरू आहे म्हणून आईले येता येत नाही, असं तू बारशाच्या दिवशी सासरी सांगितलं म्हणे. कोणती रोवणी? चार वर्षं झाली, मी धानाच्या बांधीत पाय टाकला नाही. हा हत्तीपाय चिखलात फसला तर काढायले दोन माणसं लागतात, हे तुले माहीत नाही का? लग्नात तू मले खुर्चीवर बसवून पायावर चादर टाकली, तेव्हा मी टाकू दिली. आता नातवाचं तोंडही फोटोतच पाहायचं का? त्यापेक्षा आई मेली म्हणून सांगायचं होतं. कोणी पुन्हा विचारलं नसतं.

फोनवरच बोलली असती, पण तुझी सासू फोन स्पीकरवर ठेवते. म्हणून लिहून राहिली. माझी शाळा चौथीपर्यंत, चुका काढत बसू नको. तुझ्या वर्गातली डिंपल तुझ्या सासरी शहापूरले येऊन राहिली, तिच्याच हाती देते.

इकडं हत्तीपायाच्या गोळ्यावाले पुन्हा येऊन गेले. तुझ्या आजीच्या वेळी दवंडी पिटून रक्त तपासायले येत, तर लोक दारं लावून घेत. मग भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून गेले, त्यावर आपण गोवऱ्या थापल्या. मग तो फोटोवाला आला अन् माझा पाय काढून नेला. नुसता पाय, तोंड नाही. म्हणे, बाई, तुम्हाले कोणी ओळखणार नाही. पण वैदूनं डागलेली खूण पोस्टरवर साफ दिसत होती. सानगडीच्या बाजारात बाया माझ्या तोंडाकडं न पाहता पायाकडं पाहत. पण भिऊन गोळ्या खात. मले वाटे, माझा गेला तर गेला, बाकीच्यांचे तरी वाचतील.

आता तो पोस्टर कुठंच नाही. आता हसरं कुटुंब आहे, गोरं-गोरं. फोन लावला की एक बाई गोड आवाजात गोळ्या खा म्हणून सांगते, लोक वैतागून फोन कापतात. गोळ्या वाटणाऱ्या पोरी येतात, तळहातावर गोळी ठेवून फोटो घेतात अन् पुढच्या घरी जातात. आपल्या शेजारच्या कैलाशनं फोटो दिला अन् गोळी कोंबडीपुढं फेकली. कोंबडीनंही चोच लावली नाही. मले म्हणाल्या, काकू, तुम्ही व्हिडिओत या, पण हसून बोला, आता भीती दाखवायची नाही. मी म्हटलं, हसू कायचं? दवाखान्याचा साहेब म्हणते, नवीन रोगी निघाले नाही तर जिल्हा हत्तीपायातून मोकळा झाला म्हणून जाहीर होईल. मग जुन्या पायाले मलम कोण देईल, ते त्याले माहीत नाही.

परवा डिंपलनं सांगितलं, तो पोस्टर तुमच्या शाळेतही लागला होता. पोरी तुले हत्तीणीची पोर म्हणत. म्हणून गोळीच्या दिवशी तू दप्तर घेऊन निघायची अन् तळ्याच्या पाळीवर बसून राहायची. दरसाल. घरी येऊन म्हणायची, खाल्ली गोळी. सारं गाव माझा पाय पाहून गोळी खाऊन राहिलं होतं, अन् माझीच पोरगी उपाशी.

तिनंच बारशाचा फोटो दाखवला. बाळाचं नाक आपल्या घरचं आहे. पण तुझ्या डाव्या चपलेचा पट्टा उघडा होता, उजवीचा लागलेला. माझंही चपलेपासूनच सुरू झालं होतं. बाळंतपणाची सूज म्हणू नको, ती दोन्ही पायांले येते. घोट्याच्या वर अंगठ्यानं जरा वेळ दाबून धर अन् सोड. खड्डा राहते की भरते? लवकर दवाखान्यात गेलं तर वाढत नाही म्हणतात. मलेही म्हणत होते. येत्या रविवारी डिंपल परत येईल, तिच्या हाती खरं उत्तर पाठव. नाही आलं तर सोमवारी मी एसटीनं तुझ्या दारात येते. या वेळी पायावर चादर टाकू देणार नाही.

तुझीच,
आई